उन्हातला ट्रेक आणि घामाचा हिशेब

एका उन्हाळी ट्रेकमध्ये, खिंड शंभरेक पावलांवर असताना, मी एका दगडावर मटकन बसलो. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचाही कंटाळा येत होता. सोबत्याने माझी सॅक उघडली तेव्हा आत दीड लिटर पाणी निघालं. परतीला लागेल म्हणून मी ते राखून ठेवलं होतं. म्हणजे पाणी पाठीवर होतं, पोटात नव्हतं.

त्या दिवसापासून ‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्यावरचा माझा विश्वास उडाला. भरपूर म्हणजे किती? पन्नास किलोच्या माणसाला आणि नव्वद किलोच्या माणसाला एकच माप कसं चालेल? आणि भरपूर पाणी पिऊनही काही जणांना दवाखान्यात का न्यावं लागतं? या प्रश्नांची उत्तरं बाटलीच्या आकारात नाहीत, आपल्या घामात आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

घाम करतो काय?

खड्या चढणीवर सॅक घेऊन चालणारं शरीर तासाला साधारण ५०० किलोकॅलरी खर्च करतं. त्यातला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष चढण्याच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. वर सूर्य असतोच, तापलेला कातळही खालून भाजत असतो. ही उष्णता बाहेर टाकायचं मुख्य साधन म्हणजे घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

‘अंगावरच वाळला तर’ हे महत्त्वाचं. दमट हवेत घाम वाळत नाही, निथळून जमिनीवर पडतो. पाणी जातं, गारवा मात्र मिळत नाही आणि शरीर आणखी घाम काढत राहतं. कोरड्या हवेत उलटं होतं. घाम इतक्या चटकन वाळतो की आपल्याला घाम येतच नाही असं वाटतं. शर्टावर मिठाचे पांढरे डाग उमटले की मग कळतं किती गेलं ते.

उन्हात चालताना बहुतेकांचा घाम तासाला अर्धा ते दीड लिटरच्या दरम्यान जातो. काहींचा दोन लिटरपर्यंतही. एवढा फरक असल्यावर दुसऱ्याचा आकडा आपल्या काय कामाचा?

पहिली पायरी: स्वतःचा घाम मोजा

हे काम घरी, एका साध्या वजनकाट्यावर होतं. मोठ्या ट्रेकच्या आधीच्या आठवड्यात, साधारण तशाच उन्हात आणि सॅकमध्ये तेवढंच ओझं घेऊन, तास-दीड तास चढ-उतार असलेल्या रस्त्यावर चाला. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या आणि शक्य तितके कमी कपडे अंगावर ठेवून वजन करा. वाटेत जे पाणी प्याल ते मोजून प्या. परत आल्यावर अंग पुसून, तसंच पुन्हा वजन करा. घामाने भिजलेले कपडे उतरवायला विसरू नका, नाहीतर तो घामही वजनात धरला जाईल.

समजा निघताना वजन ६८.४ किलो होतं, परतल्यावर ६७.३ भरलं. मधल्या वेळात अर्धा लिटर पाणी प्यायलं गेलं आणि लघवी झाली नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वजनातली घट १.१ आणि प्यायलेलं ०.५, मिळून घाम गेला १.६ लिटर. चालणं दीड तासाचं असेल तर तासाला साधारण १.०७ लिटर. वाटेत लघवीला गेला असाल तर तेवढा अंदाज वजा करा.

हा आकडा पहिल्यांदा पाहून बहुतेक जण दचकतात. मीही दचकलो होतो, कारण मी स्वतःला कमी घाम येणारा समजत होतो.

एकदा मोजून भागत नाही. ढगाळ दिवशी, भर उन्हात, दमट हवेत असं तीन-चार वेळा मोजा. शिवाय सवयीने आकडा बदलतो. उन्हात रोज थोडं थोडं चाललं तर साधारण ७ ते १४ दिवसांत शरीर सरावतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणजे सरावलेल्या माणसाला पाणी कमी लागतं हा समज चुकीचा आहे, त्याला उलट जास्त लागतं. वातानुकूलित खोलीत आठवडे काढून थेट कडक उन्हातल्या डोंगरावर जाणाऱ्याची गत वेगळी. त्याचं शरीर गार होण्यातच कमी पडतं, तिथे नुसतं पाणी पुरेसं नाही.

दुसरी पायरी: किती पाणी न्यायचं?

गेलेला प्रत्येक थेंब लगोलग भरून काढायची गरज नसते. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत घट बहुतेक निरोगी माणसं निभावतात. त्यापुढे उन्हात दम लवकर लागतो, नाडी वाढते, डोकं नीट चालत नाही. मग हिशेब असा होतो:

वजन ७० किलो. २ टक्के म्हणजे १.४ किलो.
चालणं ६ तास. चढ, उतार, सावली सगळं धरून घामाची सरासरी तासाला ०.७ लिटर. एकूण ४.२ लिटर.
४.२ मधून १.४ गेले, उरले २.८ लिटर. हे किमान प्यायलाच हवं.

मी यावर एक लिटर राखीव धरतो. कोणाचा पाय मुरगळतो, वाट चुकते, सोबत्याची बाटली दगडावर आपटून फुटते. म्हणजे जवळपास चार लिटर आणि सॅकमध्ये चार किलो. जड आहे, मान्य. पण ते सुरुवातीलाच जड असतं, पुढे हलकं होत जातं.

बारा तासांची वाट आणि तासाला एक लिटर घाम असेल तर हाच हिशेब सांगतो की एवढं पाणी वाहून नेता येणार नाही. अशा वेळी वाटेत खात्रीचं पाणी हवं, आधी जाऊन पाणी ठेवून यायला हवं किंवा बेत बदलायला हवा. नकाशावरची निळी रेघ म्हणजे पाणी असं धरून चालू नका. उन्हाळ्यात ओढे आटतात. गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आलेल्या माणसाचा शब्द नकाशापेक्षा भरवशाचा.

बाटली की नळीची पिशवी, म्हणजे हायड्रेशन ब्लॅडर? नळीमुळे चालता चालता घोट घेता येतो, त्यामुळे जास्त प्यायलं जातं, हे खरं. पण पाठीवरच्या पिशवीत किती उरलंय ते दिसत नाही आणि एकदम फुर्र आवाज येऊन नळी रिकामी होते. मी दोन्ही नेतो. साधं पाणी ब्लॅडरमध्ये, आणि एक लिटरची बाटली राखीव व क्षार कालवायला. साखरेचं पाणी ब्लॅडरमध्ये कधी भरू नका, नळीत बुरशी धरते. उन्हात नळीतलं पाणी चटका बसेल इतकं तापतं, म्हणून घोट झाला की नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकलायचं. कोमट पाणी माणूस कमी पितो, गार असेल तर न सांगता पितो. आदल्या रात्री एक बाटली पाऊण भरून गोठवा. काठोकाठ भरली तर बर्फ फुगून ती फुटेल. दुसऱ्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळा.

तिसरी पायरी: घाम वाचवा, पाणी नव्हे

उन्हातली तहान भागवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उन्हात नसणं. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चालू नका, असं राष्ट्रीय उद्यानाचे कर्मचारी पर्यटकांना बजावतात. तिथे आधी उतरायचं आणि मग दमलेल्या पायांनी, तापलेल्या दुपारी चढायचं असतं, म्हणून धोका मोठा. पण हा नियम कुठल्याही डोंगराला लागू पडतो. पहाटे अंधारात निघा, मोठी चढण सूर्य डोक्यावर यायच्या आत संपवा, दुपार सावलीत काढा.

सैल, फिकट रंगाचे, लांब बाह्यांचे कपडे घाला. उघड्या दंडांवर ऊन थेट भाजतं. रुंद काठाची टोपी हवी. वाटेत पाणी मुबलक असेल तर टोपी, मानेवरचा रुमाल आणि शर्ट भिजवा. घामाचं काम बाहेरचं पाणी करील. पिण्याचं पाणी मोजकंच असेल तेव्हा मात्र ते डोक्यावर ओतू नका, प्या.

आणि सावकाश चाला. पुढच्याला गाठायच्या ईर्ष्येने घातलेला प्रत्येक तास पाण्याच्या हिशेबात महाग पडतो.

चौथी पायरी: निघण्याआधी

आदल्या रात्री तीन लिटर पाणी रिचवून काही साठत नाही. शरीर उंटाचं नाही (आणि उंटही मदारीत पाणी नव्हे, चरबी साठवतो). जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. आदला दिवस नेहमीसारखा खाऊन-पिऊन घालवा, दारू टाळा. निघण्यापूर्वी २ ते ४ तास, वजनाच्या दर किलोमागे ५ ते १० मिलिलिटर पाणी प्या. ७० किलोला ते ३५० ते ७०० मिलिलिटर होतं. पहाटे तीनला निघायचं तर एवढ्या आधी कोण उठणार? तेव्हा उठल्या उठल्या एक-दोन पेले आणि वाहनात थोडं थोडं. सकाळचा चहा-कॉफी सोडायची गरज नाही. सवय असलेल्याला एक-दोन कपांनी पाणी कमी पडत नाही.

लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळा ठीक, गडद असेल तर आपण आधीच मागे आहोत. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रंग भडक पिवळा होतो, त्याने फसू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर उन्हातल्या ट्रेकचा बेत डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पाचवी पायरी: चालताना

तहानेवर किती भरवसा ठेवायचा? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉचेस्टर विद्यापीठातल्या एडवर्ड अडॉल्फ यांच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांचा अभ्यास केला. हाताशी हवं तेवढं पाणी असूनही चालणारे सैनिक घामाने गेलेल्या पाण्यापेक्षा कमीच प्यायचे आणि ही तूट बरीचशी जेवताना भरून काढायचे. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. तहान लागली की लगेच प्यायचं, ती दाबायची नाही. आणि जेवणाची सुट्टी कधी गाळायची नाही, कारण खाण्याबरोबर पाणी आपोआप जातं.

साधारण दर १५ ते २० मिनिटांनी १५० ते २५० मिलिलिटर, म्हणजे चार-सहा मोठे घोट. हा आकडा आपल्या मोजलेल्या घामाच्या आत हवा. ज्याचा घाम तासाला अर्धा लिटर आहे त्याने तासाला एक लिटर पिणं शहाणपणाचं नाही. कोणाचाही घाम कितीही असो, तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. जठर तेवढं पुढे ढकलू शकत नाही, पोट डचमळतं आणि पुढे त्याहून वाईट घडतं. ते खाली येतंच.

एक गोष्ट गटात फारशी बोलली जात नाही. आडोसा मिळणार नाही म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गट नेणाऱ्याने निघतानाच सांगून टाकावं की अमुक अमुक ठिकाणी थांबू, तिथे आडोसा आहे. संकोचापायी कोणी तहानलेलं राहू नये. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, मुलं खेळण्याच्या नादात विसरतात. या दोघांना आठवण करून द्यावी लागते.

मीठ, आणि जास्त पाण्याचा धोका

घामाबरोबर सोडियम जातं. किती, ते माणसागणिक बदलतं. एका लिटर घामात अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमहूनही अधिक. ज्याच्या टोपीवर पांढरी कड उमटते आणि डोळ्यांत घाम झोंबतो त्याचं जास्त जातं असं समजा.

दोन-तीन तासांच्या चालण्यात नेहमीचं जेवण हे भरून काढतं. त्यापुढे मात्र केवळ साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली उतरलं की त्याला हायपोनॅट्रिमिया म्हणतात. पेशींत पाणी शिरतं, मेंदूला सूज येते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, झटके असं ते वाढत जातं आणि जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्यांच्यातली ठळक खूण कोणती? धावताना वजन वाढलेलं होतं. म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त प्यायलेलं.

म्हणून लांबच्या चालण्यात दर तासाला काही तरी खारट खा. खारे दाणे, खारी बिस्किटं, जे घशाखाली उतरेल ते. तीन-चार तासांच्या पुढे एखाद-दुसरा लिटर ओआरएसचा ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ते कालवा. अर्ध्या पाण्यात दाट करून प्यायल्याने फायदा दुप्पट होत नाही, उलट पोट बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. नुसत्या मिठाच्या गोळ्या गिळणं मी टाळतो, रिकाम्या पोटी उलटी होते.

अंगदुखीची आयब्युप्रोफेनसारखी गोळी आधीच घेऊन चढायची काहींना सवय असते. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला जड जाते. सोडा ती सवय.

वाटेतलं पाणी

स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असतंच असं नाही, आणि उन्हात जुलाब म्हणजे दुहेरी मार. उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या हलक्या, पण साधारण अर्धा तास थांबावं लागतं आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना दाद देत नाही. हाताळण्याजोगे गाळणी-फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, विषाणू बहुतेकांतून निसटतात. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळून, निवळू देऊन मगच पुढचा उपाय करा. आणि तहानेने जीव जायची वेळ आली असेल तर न शुद्ध केलेलं पाणीही प्या. जुलाबावर नंतर उपचार होतात.

बिघडलंच तर

पायात गोळे येणं, डोकं दुखणं, चिडचिड, मळमळ, चालताना मागे पडणं ही पहिली हाक. तिथेच थांबा. सावली, आडवं झोपणं, पाय उंच, कपडे सैल, अंगावर ओलं फडकं आणि वारा. क्षारांचं पाणी घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर मदत मागवा. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे चढू नका.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, ओळख विसरला की तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. चालून चालून आलेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं, त्यामुळे ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असं म्हणू नका. मिनिटं मोलाची असतात. आधी गार करा, मग न्या. ओढा-डोह असेल तर डोकं वर धरून पाण्यात बसवा, नसेल तर असेल नसेल ते पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल.

आणि हाच गोंधळ, हीच मळमळ जास्त पाण्यानेही होते. ओळखायचं कसं? सोबत्यांना विचारा, तो काय प्यायला? सकाळपासून चार-पाच लिटर साधं पाणी झालंय, लघवी पाण्यासारखी आणि वारंवार होतेय, बोटं सुजून अंगठी घट्ट बसलीय, तहान अजिबात नाही, तर आणखी पाणी पाजू नका. शुद्धीवर असेल तर खारट खायला द्या आणि दवाखान्याकडे न्या. शंका असेल तर अंगाला हात लावून पाहा. अंग तापलेलं असेल तर गार करण्यात चूक नाही.

परतल्यावर

घरी येऊन पुन्हा काट्यावर उभे राहा. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, एका बैठकीत नव्हे तर पुढच्या काही तासांत, जेवणाबरोबर. जेवणात मीठ असू द्या, नाहीतर प्यायलेलं पाणी टिकणार नाही. वजन वाढलेलं दिसलं तर पुढच्या वेळी कमी प्या.

मी वहीत एक ओळ लिहितो: तारीख, हवा, तास, किती नेलं, किती प्यायलं, किती उरलं, वजनात फरक. खिंडीखालच्या त्या दिवसाची ओळही मी नंतर आठवून लिहिली आहे. ‘उरलं’च्या रकान्यात तिथे दीड लिटर आहे.